उबेचा खण

मातीची चूल ज्यांनी पाहिली आहे, त्यांस ‘वैल’ हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही. चुलीला लागूनच एक धाकटे तोंड ठेवलेले असे. मुख्य जाळावर भाकरी भाजली जात असता त्याच जाळाची धग आतल्या भोकावाटे या धाकट्या तोंडाशी येई आणि तेथे ठेवलेली आमटी मंद उबेवर राही. त्यासाठी निराळे सरपण लागत नसे. शेतातून, कचेरीतून, शाळेतून जो तो आपापल्या वेळी घरी येई आणि वैलावरचे ऊन अन्न त्याच्या ताटात पडे.

पुढे स्टोव्ह आले, १९६५ साली इंडेनचा पहिला सिलिंडर कलकत्त्यात पोहोचला आणि हळूहळू उभ्या ओट्याने चुलीची जागा घेतली. चुलीबरोबर धूर गेला, हे उत्तमच झाले. त्या धुराने कित्येक पिढ्यांच्या बायकांचे डोळे आणि फुप्फुसे जाळली. तिचे गोडवे गाण्याची आमची इच्छा नाही. परंतु धुरासोबत वैलही गेला आणि त्याच्या जागी आले ते पुन्हा पुन्हा गरम करणे. आमच्या ग्वाल्हेरीस पौष-माघात पहाटेचा पारा पुष्कळदा पाच-सात अंशांवर उतरतो. अशा दिवसांत गार स्टीलच्या ताटात वाढलेले वरण पहिला घास घेईपर्यंत कोमट होते, याचा अनुभव उत्तरेकडील प्रत्येक मराठी घरास आहे.

अलीकडे नव्या स्वयंपाकघरांत वॉर्मिंग ड्रॉवर नावाची जी वस्तू बसविली जाते, ती म्हणजे या वैलाचा विजेवर चालणारा वंशज होय. आम्ही तिला उबेचा खण म्हणतो. दिसावयास साधा खण. आत विजेची तार, उष्णता आवरणारे थर्मोस्टॅट आणि पुष्कळदा उबदार हवा फिरविणारा लहान पंखा. साधारणतः ३० ते ८० अंश सेल्सिअसपर्यंत तो तापतो. ४०० वॅटचा खण तासभर चालला, तरी ०·४ युनिटहून अधिक वीज खात नाही.

तो घेण्याआधी मापे नीट पाहावीत. रुंदी बहुधा ६० सेंटिमीटर असते. उंचीचे दोन प्रकार विशेष आढळतात, एक सुमारे १४ आणि दुसरा सुमारे २९ सेंटिमीटरचा. आतली मोकळी जागा याहून बरीच कमी भरते. लहान खणात ताटे-वाट्या आणि पसरट भांडी राहतील, आपले वरणाचे पातेले राहणार नाही. सुताराकडून कप्पा करून घेताना उत्पादकाने सांगितलेली हवेची फट सोडलीच पाहिजे. स्वतंत्र पॉइंट आणि पक्के अर्थिंग हवे. जुन्या वाड्यांतील वायरिंग आधी तपासून घ्यावे. आणि सिलिंडर ठेवलेल्या कप्प्यात किंवा त्याला लागून हा खण मुळीच बसवू नये. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असतो; गळती झाल्यास तो तळाशीच साचतो.

येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांस सांगावी तशी ठासून सांगतो. हा खण अन्न ऊन राखतो. गार अन्न तापविण्याचे काम त्याचे नव्हे. शिजलेले अन्न ६० अंशांच्या वर राहिले तर जंतू वाढत नाहीत. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान मात्र ते झपाट्याने वाढतात. म्हणून फ्रिजमधला भात सरळ खणात ठेवणे धोक्याचे. भातातील काही जंतूंचे बीजाणू शिजविल्यानेही मरत नाहीत आणि भात कोमट राहिला तर ते जे विष निर्माण करतात, ते पुन्हा उकळूनही नाहीसे होत नाही. तेव्हा खण आधी तापवावा, पदार्थ चुलीवरून वाफाळता असतानाच आत ठेवावा आणि तास-दीड तासात वाढावा. पालेभाज्या फार वेळ ठेवल्या, तर रंग जातो व सत्त्वही जाते.

पदार्थागणिक रीत निराळी. वरण, भात, रस्सा झाकून ठेवावा. वडे-भजी झाकली की मऊ पडतात, ती उघडी ठेवावीत. पोळ्यांना तूप लावून, सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवल्या तर अर्धा तास मऊ राहतात. मात्र फुलक्याचा टम्म फुगा कोणताही खण राखू शकत नाही. थंडीत दही लागत नाही, त्यासाठी ४० अंशांच्या आसपासची ऊब उपयोगी पडते. काही खण ठरावीक तासांनी आपोआप बंद होतात. दह्यासाठी हे आधी विचारून घ्यावे.

आता मुख्य मुद्दा. पानावर बसलेल्यांस तव्यावरची पोळी वाढावी, ही आपली प्रेमळ रीत. परंतु या रीतीची किंमत कोण मोजते? जी तव्यापाशी उभी असते, ती. सर्वांची पाने उठल्यावर ती बसते, तेव्हा भाजी गार झालेली असते आणि वरण आळून घट्ट झालेले असते. स्वतःपुरते पुन्हा गरम करणे तिच्या जिवावर येते. दिवसभर नोकरी करून आलेल्या सुनेचीही गत हीच. आम्ही सभांतून समतेवर बोलतो आणि घरी तिसरी पोळी मागतो!

पोळ्या आधी करून, ताटे व पातेली खणात ठेवून सारे घर एकाच वेळी जेवावयास बसणार असेल, तर हा खर्च सार्थ आहे. उलट, ज्याने त्याने आपल्या सवडीने यावे, खण उघडावा आणि मोबाइलकडे पाहत एकट्याने जेवावे, एवढ्यासाठीच तो येणार असेल, तर पैसे वाचवावेत. ज्यांस हा खर्च झेपत नाही, त्यांनी खट्टू होण्याचे कारण नाही. जाड बुडाचे पातेले गोधडीत गुंडाळले, ताटे उकळत्या पाण्याने विसळून पुसून घेतली, तर जेवण होईपर्यंतची ऊब सहज टिकते. फक्त पोळी तव्यावरूनच हवी, हा हट्ट घरातील पुरुषांनी सोडावयास हवा. तो सोडावयास कोणतेही यंत्र लागत नाही.