जपानमध्ये इंग्रजी शिकविण्याची संधी: ‘जेट’ योजनेची वाट दिल्लीतूनच जाते

नवी दिल्ली: जपानच्या सरकारी शाळांमध्ये इंग्रजीचे सहायक शिक्षक म्हणून काम करू इच्छिणाऱ्या भारतीय पदवीधरांसाठी ‘जपान एक्सचेंज अँड टीचिंग’ अर्थात ‘जेट’ ही सर्वांत विश्वासार्ह वाट मानली जाते. भारतीय नागरिकांची निवड चाणक्यपुरीतील जपानी दूतावासामार्फत होते. त्यासाठी मध्यस्थाची गरज नाही आणि अर्जासाठी शुल्कही आकारले जात नाही. परदेशी नोकरीच्या नावाखाली होणाऱ्या फसवणुकीच्या काळात इच्छुकांनी ही बाब प्रथम ध्यानात घ्यायला हवी.

योजना काय आहे?

ही योजना १९८७ मध्ये अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या चार देशांतील ८४८ जणांसह सुरू झाली. आजवर ७५ हजारांहून अधिक जण तिच्यात सहभागी झाले आहेत. जपानमधील स्थानिक स्वराज्य संस्था तीन केंद्रीय मंत्रालयांच्या सहकार्याने ती राबवितात. जपानने २०२० पासून प्राथमिक शाळेच्या पाचवी-सहावीत इंग्रजी हा औपचारिक विषय केला.

योजनेतील बहुसंख्य जागा सहायक भाषा शिक्षकाच्या असतात. हा शिक्षक वर्गाची संपूर्ण जबाबदारी घेत नाही. जपानी शिक्षकासोबत तो उच्चार, संभाषण आणि उपक्रम हाताळतो. दुसरे पद आंतरराष्ट्रीय संबंध समन्वयकाचे असून ते स्थानिक प्रशासनाच्या कार्यालयात भाषांतर व सांस्कृतिक आदानप्रदानाशी निगडित असते.

पात्रता

सहायक शिक्षकपदासाठी कोणत्याही शाखेची पदवी आणि इंग्रजीवर उत्तम प्रभुत्व आवश्यक आहे. बी.एड. किंवा जपानी भाषेचे ज्ञान बंधनकारक नाही. मात्र दोन्हींचा निवडीत लाभ होऊ शकतो. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थीही अर्ज करू शकतात. परंतु जपानला जाण्यापूर्वी पदवी हाती यायला हवी.

समन्वयकपदासाठी जपानी भाषेवर चांगली पकड लागते. ‘जेएलपीटी’ परीक्षेच्या एन-१ किंवा एन-२ पातळीइतके ज्ञान त्यासाठी अपेक्षित असते. दिल्लीतील जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, दिल्ली विद्यापीठ तसेच पुण्यातील सावित्रीबाई फुले विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात जपानी शिकणाऱ्यांना हा पर्याय विचारात घेता येईल.

निवड कशी होते?

अर्जासोबत गुणपत्रिका, पदवीचा पुरावा, दोन शिफारसपत्रे आणि उद्देश स्पष्ट करणारे निवेदन जोडावे लागते. निवडीत या निवेदनाला मोठे महत्त्व असते. ‘जपानी संस्कृती आवडते’ एवढे लिहून भागत नाही. वर्गात आपण काय देऊ शकतो, लहान गावात एकटे राहण्याची तयारी आहे का आणि परतल्यानंतर या अनुभवाचा उपयोग कसा करणार, याची ठोस उत्तरे त्यात हवीत. कागदपत्रांच्या छाननीनंतर मुलाखत होते. साधारणपणे शरद ऋतूत सुरू झालेली प्रक्रिया पुढील उन्हाळ्यात प्रस्थानापर्यंत पोहोचते. नेमक्या तारखा आणि त्या वर्षीची पदे दूतावासाच्या संकेतस्थळावर पाहावीत.

वेतन आणि वास्तव

एप्रिल २०२५ पासून पहिल्या वर्षाचे वेतन सुमारे ४० लाख २० हजार येन, म्हणजे दरमहा ३ लाख ३५ हजार येन झाले आहे. त्यातून कर, आरोग्य विमा आणि निवृत्तिवेतनाचा हप्ता वजा होतो. जाण्यायेण्याचा विमानखर्च दिला जातो. मात्र घरभाडे बहुधा स्वतःच भरावे लागते आणि पहिला पगार मिळेपर्यंतची तजवीज सोबत न्यावी लागते. करार एका वर्षाचा असून दोन्ही बाजूंच्या संमतीने तो कमाल पाच वर्षांपर्यंत वाढू शकतो.

नियुक्तीचे ठिकाण उमेदवार सुचवू शकतो, ठरवू शकत नाही. टोकियोची अपेक्षा ठेवणाऱ्यास डोंगराळ तालुका किंवा बेटही मिळू शकते. शाकाहारी उमेदवारांनी आहाराची सोय आधीच विचारात घ्यावी.

दक्षता

भारतासाठीच्या जागा मर्यादित असल्याने केवळ याच एका अर्जावर भिस्त ठेवून हातातील नोकरी सोडणे धोक्याचे ठरते. ‘जेटमध्ये जागा मिळवून देतो’ असे सांगून पैसे मागणाऱ्यांपासून दूर राहावे. इतर खासगी मार्गाने जाणाऱ्यांनी संबंधित एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर नोंदणीकृत आहे का, हे तपासूनच व्यवहार करावा.