स्कॅनएफ इनपुट गिळत नाही

सी शिकवणाऱ्या लॅबमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते: ‘प्रोग्रामने दुसरा प्रश्न विचारला, पण उत्तर टाइप करूच दिलं नाही. स्कॅनएफमध्ये बग आहे.’ शेजारच्या पीसीवरून लगेच उताराही मिळतो: ‘त्याच्याआधी एफफ्लश(स्टडइन) टाक.’ निदान चूक आणि औषधही चूक, तरी दोन्ही एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे जसेच्या तसे जात राहतात.

प्रोग्राम आधी रोल नंबर विचारतो, मग तुकडी. विद्यार्थी ४२ टाइप करून एंटर दाबतो. बफरमध्ये तीन अक्षरं जमा होतात: ४, २ आणि ओळ संपल्याची खूण, म्हणजे न्यूलाइन. पूर्णांक वाचणारा स्कॅनएफ पहिली दोन उचलतो आणि न्यूलाइनपाशी थांबतो, कारण तो अंक नाही. पुढचा स्कॅनएफ ‘%सी’ने एक अक्षर मागतो. ते आधीच हजर आहे, मग तो वाट कशाला पाहील? शंका असेल त्याने तुकडीचं अक्षर आकड्याच्या रूपात छापून पाहावं. पडद्यावर १० येतो, आणि आस्की तक्त्यात न्यूलाइनचा क्रमांक १० आहे.

आता एफफ्लश. बफरमध्ये साठलेलं आउटपुट पुढे ढकलण्यासाठी हे फंक्शन आहे. स्टडइनसारख्या इनपुट स्ट्रीमवर ते वापरलं तर काय होईल याची हमी सीचं आयएसओ मानक देतच नाही (सी११, कलम ७.२१.५.२).

मग ‘आमच्याकडे चालतं’ हे कुठून आलं? मायक्रोसॉफ्टची जुनी लायब्ररी इनपुट बफर खरोखरच रिकामा करायची. व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ पासून तेही बंद झालं. लिनक्सच्या मॅन्युअलप्रमाणे ही सोय डिस्कवरच्या फाइलींसाठी आहे, टर्मिनलसाठी नाही. तरीही ही ओळ पाठ करून उत्तरपत्रिकेत लिहिली जाते, आणि ती कोणी खोडत नाही, हे जास्त वाईट.

खरा उपाय एका स्पेसचा आहे: ‘%सी’च्या आधी ती टाकली की स्कॅनएफ वाटेतले स्पेस, टॅब, न्यूलाइन ओलांडतो. त्याहून भक्कम रीत म्हणजे एफगेट्सने आख्खी ओळ घेऊन एसस्कॅनएफने तिच्यातून आकडा काढणं. मग कोणी ‘४२ब’ टाइप केलं तरी उरलेला ‘ब’ पुढच्या प्रश्नाचं उत्तर होऊन बसत नाही.

जावाच्या स्कॅनरवरही हाच आळ येतो. नेक्स्टइंटनंतर नेक्स्टलाइन रिकामी ओळ देतं, कारण तिथेही न्यूलाइन उरलेला असतो.

अशाच आणखी काही चुकीच्या समजुती ऐकू येतात. ‘की दाबताच गेटचारला अक्षर मिळतं’: नाही, एरवी टर्मिनल एंटरपर्यंत ओळ स्वतःकडे ठेवतं. ‘गेटसीएच सीचाच भाग आहे’: ही टर्बो सीची सवय. कोनिओ हेडर मानकात नाही, म्हणून लिनक्सवर जीसीसीला ते सापडत नाही. ‘ईओएफ हे फाइलच्या शेवटी असलेलं अक्षर आहे’: ते ऋण पूर्णांक मूल्य आहे, म्हणून गेटचारचं उत्तर इंटमध्ये ठेवायचं. कॅरमध्ये ठेवून तोच प्रोग्राम एआरएम लिनक्सवर चालवला, तर तिथे कॅर अनसाइन्ड असल्यामुळे ईओएफ ओळखला जात नाही आणि लूप थांबत नाही.