डोक्यावरचा पेपर

सप्टेंबर १९४२. दुसरं महायुद्ध चालू होतं. मार्जरी कॉलिन्स नावाच्या फोटोग्राफर तेव्हा अमेरिकेच्या सरकारसाठी काम करत होत्या. लोकांची रोजची कामं कॅमेऱ्यात टिपायची, हे त्यांचं काम. त्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या वर्तमानपत्राच्या छापखान्यात गेल्या आणि त्यांनी तिथले भरपूर फोटो काढले.

त्यातले छपाईयंत्राजवळचे फोटो मला फार आवडतात. माणसाहून उंच यंत्रं, आणि नुकतंच छापून आलेलं पान निरखणारा कामगार. पण तुम्ही त्याच्या डोक्याकडे बघा. चौकोनी टोपी दिसते ना? ती कापडाची नाही, कागदाची आहे. वर्तमानपत्र ज्यावर छापतात, त्याच कागदाची! घड्या घालून केलेली. शिवण नाही, डिंक नाही.

छापखान्यात टोपी कशाला? शाईसाठी.

यंत्रात एकमेकांना टेकून फिरणारे रूळ असतात. एकावरची शाई दुसऱ्यावर जाते, तिथून पुढे अक्षरांवर. आता घरी एक गंमत करा. दोन बोटांत थोडी काकवी घ्या आणि बोटं हळूच लांब करा. तार येते, ताणते आणि तुटते. रूळ एकमेकांपासून सुटतात, तिथे शाईच्याही अशाच बारीक तारा निघतात. रूळ भन्नाट वेगाने फिरत असल्यामुळे त्या तटातट तुटतात आणि त्यांचे इवलेसे थेंब हवेत उडतात. त्यात कागदाची धूळ मिसळते. रात्रभर हे सगळं केसांवर बसलं, तर काय अवस्था होईल!

वर्तमानपत्राची ही शाई म्हणजे मुख्यतः काजळी आणि तेल. ती रंगासारखी वाळत नाही, कागदात मुरते. म्हणून तर सकाळी पेपर वाचताना बोटं काळी होतात. आणि जो कागद यंत्रावर शाई पितो, तो डोक्यावरही पितोच की! टोपी मळली की फेकायची आणि नवी घडवायची. छापखान्यात कागदाला काय तोटा? ही युक्ती मला मोठ्या शोधाइतकीच हुशारीची वाटते.

आता यंत्राकडे या. गोल रुळावर सपाट अक्षरं कशी बसणार? आधी ती येतात कुठून ते बघू. आपल्याकडच्या छापखान्यांत जुळारी एकेक खिळा, म्हणजे धातूचं सुटं अक्षर, हाताने उचलून ओळ जुळवायचे. न्यूयॉर्कमध्ये मात्र १८८६ सालीच ओटमार मर्गेनथेलर यांचं लायनोटाइप यंत्र एका वर्तमानपत्रात कामाला लागलं होतं. त्याला ९० कळा असायच्या. कामगार कळा दाबायचा, त्या अक्षरांचे पितळी साचे ओळीने उभे राहायचे, आणि त्यांच्यावर सुमारे २८० अंश सेल्सिअसचा वितळलेला धातू ओतला जायचा. एक आख्खी ओळ एका तुकड्यात तयार! हा धातू म्हणजे शिसं, कथील आणि अँटिमनी यांचं मिश्रण. अँटिमनीमुळे तो गार होताना फारसा आकसत नाही, आणि अक्षरांच्या कडा ठसठशीत राहतात.

अशा ओळी जोडून पान बनायचं. त्यावर ओलसर, जाड पुठ्ठा दाबून ठसा घ्यायचा. मग तो पुठ्ठा वाकवून त्यात पुन्हा धातू ओतायचा, की रुळावर बसणारा गोलसर पत्रा तयार. धातूच्या ओळीत अक्षर उलटं, पुठ्ठ्यात सुलटं, पत्र्यावर पुन्हा उलटं, आणि आपल्या हातातल्या पेपरात सुलटं. एवढ्या कोलांट्या रोज रात्री, आणि तेही घड्याळाकडे बघत!

एक गोष्ट मात्र फोटोत दिसत नाही, ती म्हणजे आवाज. यंत्रं सुरू झाली, की शेजारच्याचं बोलणंही कळायचं नाही. अमेरिकेतल्या कर्णबधिर मुलांच्या शाळांमध्ये छपाईचं काम शिकवत असत, त्यामुळे वर्तमानपत्रांच्या छापखान्यांत कितीतरी कर्णबधिर कामगार होते. ऐकू येणारे एकमेकांच्या कानाशी जाऊन ओरडायचे, तेव्हा हे लोक खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हातांच्या खुणांनी आरामात गप्पा मारू शकत.