नकाशातला माणूस कुठे गेला?

जनावराला निवारा म्हणजे अंगाचे रक्षण. माणसाला मात्र शरीर, मन आणि बुद्धी यांची वाढ होईल असे घर लागते, हा फरक सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली शांतिस्टार बिल्डर्स खटल्यात सांगितला. घटनेच्या कलम २१ चा हा अर्थ आम्ही वकील मंडळी युक्तिवादात घोळवत असतो. पण नकाशा काढणाऱ्यांच्या टेबलापर्यंत तो पोहोचला का, हा खरा सवाल आहे.

गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये एकदा जाऊन पाहा. मुंबईतल्या प्रकल्पांसाठी उठवलेल्या कुटुंबांना तिथे २२५ चौरस फुटांची घरे मिळाली. पक्की भिंत, घरात नळ, घरात संडास. हे मोठेच आहे, ते नाकारायचे नाही. पण दोन इमारतींमधले अंतर जेमतेम तीन मीटर! खालच्या मजल्यावर भर दुपारी दिवा लावावा लागतो. खिडकी उघडावी तर समोर दुसऱ्याची खिडकी आणि खाली कचरा. २०१८ साली पुढे आलेल्या पाहणीत डॉक्टर आणि आय.आय.टी. मुंबईच्या अभ्यासकांना दिसले ते असे, की जिथे ऊन-वारा कमी तिथे क्षयरोग जास्त. वरच्या मजल्यांपेक्षा खालच्या मजल्यांवर जास्त. आणि हे सारे नियमात बसवलेले! मोकळ्या जागेचे नियम पुनर्वसनासाठी शिथिल केले गेले. ही सवलत गरिबाला की त्याच्या फुप्फुसाला?

दुसरीकडे इंदूरचे अरण्य पाहा. वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशी यांच्या माणसांनी आधी शहरातल्या झोपडपट्ट्या पाहिल्या: लोक कुठे बसतात, कुठे धुणी-भांडी करतात, दुकान कुठे मांडतात. मग गरिबांसाठी ३५ चौरस मीटरपासूनचे भूखंड आखले. जोते, न्हाणी-संडास, पाणी द्यायचे. पुढचे घर कुटुंबाने ऐपतीप्रमाणे वाढवायचे. ८० घरे नमुन्यादाखल बांधून दाखवली. १९९५ साली या वसाहतीला आगाखान पारितोषिक मिळाले. इथे विचारले गेले ते घरात राहणाऱ्याला.

आमच्याकडे विचारतो कोण? काही वर्षांपूर्वी एका पुनर्वसनाच्या बैठकीत मी होतो. नकाशा भिंतीवर लावलेला. माझ्या अशील असलेल्या एक मावशी बराच वेळ तो न्याहाळत होत्या. मग म्हणाल्या, "साहेब, पापड कुठं वाळवायचे?" आर्किटेक्ट हसले. मावशींचे घर पापडांवर चालत होते. नकाशात गच्चीला कुलूप आणि तळाला मोटारींच्या जागा, त्याही रंगवून दाखवलेल्या.