घडी आणि पुडकें

मराठी घरांत स्त्रीच्या मासिक ऋतूला त्याच्या खऱ्या नांवानें हांक मारण्याची चाल नव्हती. “कावळा शिवला” असें म्हटलें कीं ऐकणाऱ्यास सर्व समजे. कोणी “बाहेर बसली” म्हणे, कोणी नुसतें “अडचण आहे” म्हणे. बिचाऱ्या कावळ्याचा ह्यांत कांहीं एक संबंध नाहीं. परंतु आई आज दूर कां बसली हें लहान मुलास सांगावयाचें, तर कोणाच्या तरी माथीं दोष मारणें भाग होतें. ह्या कामीं लागणारी वस्तुहि तशीच अबोल. जुन्या लुगड्याचा मऊ झालेला सुती तुकडा घ्यावयाचा, त्याच्या घड्या घालावयाच्या, कमरेच्या नाडीच्या आधारानें बसवावयाच्या आणि धुवून पुन्हां वापरावयाच्या, एवढीच पिढ्यान्‌पिढ्यांची व्यवस्था होती. तिला “घडी” किंवा नुसतें “कापड” म्हणत. ती विकत मिळत नसे व विकत आणण्याची कोणास गरजहि भासत नसे.

घडी मुळांतच वाईट होती असें नव्हे. सुती कापड साबणानें स्वच्छ धुतलें, कडक उन्हांत वाळविलें आणि कोरड्या जागीं ठेवलें, तर आरोग्याच्या दृष्टीनें त्यांत दोष काढण्यासारखें फारसें नाहीं. अडचण येते ती उन्हापाशीं. घडी कोणाच्याहि दृष्टीस पडूं नये असा दंडक असल्यानें ती दुसऱ्या लुगड्याखालीं, न्हाणीच्या कोपऱ्यांत किंवा गोठ्याच्या अंधारांत वाळत घालावयाची. म्हणजे बहुधा ती वाळतच नसे. ओलसर कापडावर जंतु व बुरशी वाढते, कातडी कांचते, खाज सुटते, आणि हें सारें सांगावयाचें तरी कोणापाशीं? दुखण्याचें मूळ कापडांत नव्हतें, तें लपविण्यांत होतें.

दुसरी अडचण पाण्याची, आणि ती मराठवाड्याइतकी क्वचित् कोणास ठाऊक असेल. लातूरहून बार्शीकडे जातांना मुरुड हें मोठें गांव लागतें. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता, पुढें उस्मानाबाद जिल्ह्यांत मोडत असे, आणि १९८२ सालीं नवा लातूर जिल्हा झाला तेव्हां मुरुड त्यांत आलें. राज्य बदललें, जिल्हा बदलला, पावसाची ओढ मात्र कायम राहिली. २०१६ च्या उन्हाळ्यांत लातूर शहरांत पाणी भरण्याच्या जागीं दंगा होऊं नये म्हणून जमावबंदीचा हुकूम काढावा लागला, आणि एप्रिलमध्यें मिरजेहून पांच लाख लिटर पाणी घेऊन पहिली आगगाडी बार्शीच्या मार्गानें लातुरास पोंचली. जेथें पिण्याच्या घागरींचा हिशेब चालतो तेथें घडी दोनदां खळबळून धुण्यास पाणी कोठून आणावयाचें, हा प्रश्न टंचाईच्या आराखड्यांत सहसा येत नाहीं. तो घरांतल्या बायकांनीं आपसांत सोडवावयाचा असतो.

ह्या घडीची जागा घेणारें विकाऊ पुडकें प्रथम पाश्चात्त्य देशांत निघालें, आणि तें कसें खपविलें गेलें ही हकीकत मोठी उद्‌बोधक आहे. अमेरिकेंतील जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीनें १८९६ च्या सुमारास ‘लिस्टर्स टॉवेल’ नांवाच्या पट्ट्या बाजारांत आणल्या. पण दुकानांत पुरुषापुढें उभें राहून त्या मागावयाच्या कोणी? माल फारसा खपला नाहीं. पुढें १९१४-१८ च्या महायुद्धांत जखमा बांधण्यासाठीं लाकडाच्या लगद्यापासून केलेलें, कापसाहून स्वस्त आणि कापसाहून अधिक ओल शोषणारें एक द्रव्य किंबर्ली-क्लार्क ही कंपनी पुरवीत असे. इस्पितळांतील परिचारिकांनीं तें स्वतःच्या ऋतुकालांतहि वापरून पाहिलें. युद्ध संपल्यावर लष्कराची मागणी थांबली. आतां ह्या द्रव्याचें करावयाचें काय, ह्या विवंचनेंतून १९२० सालीं ‘कोटेक्स’ निघालें. युक्ति परिचारिकांची होती. नफा कंपनीचा झाला.

तरी लज्जेची जुनी अडचण पुढें उभी होतीच. ती दूर करण्याऐवजीं कंपन्यांनीं तिचाच उपयोग करून घेतला. पुडकीं दुकानाच्या फळीवर उघडीं मांडावींत, शेजारीं पैशांची पेटी ठेवावी, म्हणजे बाईनें नाणें टाकून पुडकें उचलावें व शब्दहि न बोलतां चालतें व्हावें, अशी योजना दुकानदारांस सुचविण्यांत आली. ‘मोडेस’ नांवाच्या प्रतिस्पर्धी मालाच्या जाहिरातींत १९२८ च्या सुमारास एक छापील चिठ्ठी असे. मासिकांतून ती कापून मुकाट्यानें दुकानदाराच्या हातीं द्यावयाची. लिलियन गिल्ब्रेथ ह्या विदुषीनें १९२७ सालीं हजारावर स्त्रियांस प्रत्यक्ष विचारून पट्ट्यांचा आकार व ताठरपणा ह्यांविषयींच्या त्यांच्या तक्रारी कंपनीपुढें मांडल्या. वापरणारीला कोणी तरी विचारलें हेंच त्या काळीं नवल. जाहिराती मात्र वेगळ्याच सुरांत चालल्या. १९४८ नंतर ‘मोडेस’च्या जाहिरातींत उंची झगा घातलेली एक सुंदर स्त्री आणि ‘मोडेस, कारण’ एवढेच शब्द असत. कारण कोणतें तें वाचणारीनें मनांत जाणावयाचें. १९४६ सालीं वॉल्ट डिस्नेच्या चित्रशाळेनें कोटेक्सवाल्यांच्या पैशानें शाळकरी मुलींसाठीं एक बोधपट केला. शरीराची माहिती त्यांत नीट दिली आहे, परंतु रक्त दाखविलें आहे तें पांढऱ्या रंगाचें.

चिकटपट्टीचें पॅड १९७० च्या सुमारास अमेरिकेंत निघालें व कमरपट्ट्याची कटकट गेली. भारतांत शहरांतील औषधांच्या दुकानांतून हा माल मिळूं लागला, पण त्याचा खरा गाजावाजा दूरचित्रवाणीच्या काळांत झाला. प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीनें आपलें पॅड १९८९ सालीं भारतांत आणलें. अमेरिकेंत त्याच मालाचें नांव ‘ऑल्वेज’, म्हणजे ‘सदैव’. येथें तें झालें ‘व्हिस्पर’, म्हणजे ‘कुजबुज’. कावळ्याचा नवा अवतार तो हाच! जाहिरातींत पॅडवर ओतला जाई तो निळा द्राव. ह्याच्या उलट, १९८० च्या भारतीय मानकांत पॅडची परीक्षा कशी घ्यावी तें स्पष्ट लिहिलें आहे: मिनिटास १५ मिलिलिटर ह्या वेगानें ३० मिलिलिटर द्राव मध्यभागीं सोडावा, तो खालून वा बाजूनें पाझरूं नये, आणि त्यासाठीं रंगीत पाणी अथवा मेंढीचें वा बकरीचें रक्त घ्यावें. प्रयोगशाळेस जें लिहितांना संकोच झाला नाहीं, तें घरांतील पडद्यावर निळें झालें. पुढें २०१४ सालीं ह्याच ‘व्हिस्पर’नें ‘लोणच्याला हात लावा’ अशी मोहीम काढली. विटाळानें लोणचें नासतें ही समजूत ज्या घरांत होती तेथें ती बोचली असेल, आणि बोचली तर बरेंच झालें. मात्र धैर्यहि आतां विक्रीचें साधन झालें, एवढें ध्यानांत ठेवावें.

मराठवाड्याच्या खेड्यांत पुडकें पोंचलें तें जाहिरातीहून अधिक सरकारी योजनांनीं. महाराष्ट्र सरकारनें २०१८ च्या मार्चमध्यें ‘अस्मिता’ योजना सुरू केली. जिल्हा परिषदेच्या शाळांतील मुलींस आठ पॅडचें पाकीट पांच रुपयांस मिळावें व विक्री गांवांतील बचतगटांच्या बायकांनीं करावी, अशी ती योजना. ह्यांत विकणारीहि बाई होती, ही गोष्ट पैशाच्या सवलतीहून लहान नव्हे. त्याच वर्षीं जुलैमध्यें पॅडवरील १२ टक्के वस्तु व सेवा कर माफ झाला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते २४ वयाच्या स्त्रियांपैकीं आरोग्यकारक साधन वापरणाऱ्यांचें प्रमाण २०१५-१६ मध्यें सुमारें ५८ टक्के होतें; २०१९-२१ मध्यें तें सुमारें ७८ टक्क्यांवर गेलें. ह्या मोजणींत कापड आरोग्यकारक धरलेलें नाहीं, मग तें उन्हांत कितीहि वाळवा.

पण ज्यांना न्हाणीच नाहीं त्यांस पुडकें तरी काय कामाचें? शेजारच्या बीड जिल्ह्यांतील ऊसतोड करणाऱ्या जोडप्यांस मुकादम ‘कोयता’ म्हणून मोजतो. एक दिवस चुकला तर खाड्याचा दंड पडतो. फडाजवळच्या खोपटांत आडोसा नाहीं, धुण्यास पुरेसें पाणी नाहीं. २०१९ सालीं सरकारनें नेमलेल्या समितीपुढें आलेल्या पाहणींत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकीं १३,८६१ जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. घडी किंवा पुडकें ह्यांच्या वादापलीकडचा हा आंकडा आहे.

इकडे शहरांतून घडी पुन्हां दुकानांत आली आहे. सुती थर शिवून, बटणें लावून, रंगीत वेष्टनांत ती विकली जाते, आणि एका घडीची किंमत पॅडच्या एका पाकिटाहूनहि जास्त पडूं शकते. २०२१ सालीं पुन्हां वापरावयाच्या पॅडसाठीं स्वतंत्र भारतीय मानकहि निघालें. वेष्टनावर वापरण्याची कृति छापलेली असते: थंड पाण्यांत भिजवावें, साबणानें धुवावें, उन्हांत वाळवावें.