नर्मदेचे पाणी आणि आरओची नळी

इंदूरला नर्मदेचे पाणी येते ते सुमारे 70 किलोमीटरवरच्या जलूदहून, पंपांनी घाट चढवून. 1978 पासून हे चालले आहे. एवढी वीज खर्चून आणलेले पाणी स्वयंपाकघरात सर्वांत जास्त कुठे वाया जाते? भांडी घासताना, असे म्हणून आपण कामवाल्या मावशींना टोकतो. पण आरओच्या टाकाऊ पाण्याच्या नळीखाली एक दिवस बादली ठेवून पाहा. आमच्याकडे 10 लिटर पिण्याच्या पाण्यामागे 27 लिटर भरले. मावशी बिचाऱ्या एवढे सांडत नाहीत!

मुळात आरओ हवा का, हे आधी तपासावे. त्यासाठी पेनाएवढा टीडीएस मीटर मिळतो. पिण्याच्या पाण्यात लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत क्षार चालतात. त्याहून कमी क्षार असतील तिथे आरओवर बंदी घाला, असे राष्ट्रीय हरित लवादाने 2019 साली सरकारला सांगितले होते. आमच्या नर्मदेच्या नळाचा आकडा 230 आला, बोरिंगचा 900 च्या वर. म्हणजे नळाच्या पाण्याला आरओची गरज नाही. जंतू मात्र या मीटरला दिसत नाहीत. पाणी उकळून किंवा यूव्हीतून काढूनच प्यावे.

बोरिंगवाल्यांना आरओ लागेलच. त्यांनी टाकाऊ पाणी बादलीत धरून त्यात खरकटी भांडी भिजवावीत, फरशी पुसावी. तुळशीला रोज घालू नये, मातीत क्षार साठतात. कूलरलाही नको, जाळीवर पांढरे थर चढतात. कुंड्यांसाठी डाळ-तांदूळ धुतलेले पाणी आहेच की!