मुके आकडे बोलते कसे होतात?



अहवालात आकड्यांचा तक्ता आला की आपण बहुतेकजण पान उलटतो. त्याच तक्त्याचं संगणकावर चित्र केलं, तर शाळकरी पोरालाही ते वाचता येतं. हे कसं घडतं, ते मुंबईच्या उपनगरातील एका उदाहरणावरून पाहू. आपल्यापैकी कित्येकांची मुलं-भावंडं नोकरीनिमित्त अंधेरी, घाटकोपर, मुलुंडला राहतात, तेव्हा हा प्रसंग अनेकांना आठवत असेल.

२६ जुलै २००५ रोजी सकाळी साडेआठपासून चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मि.मी. पाऊस मोजला गेला. तिथून वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्यात पडला फक्त ७३ मि.मी. आता कोणी या दोहोंची सरासरी काढून "मुंबईत ५०८ मि.मी. पाऊस" असं लिहिलं, तर हिशेब बरोबर, पण माहिती फसवी. तेवढा पाऊस या दोन्ही ठिकाणी पडलाच नव्हता! याउलट १०० मि.मी.ला एक सेंटिमीटर धरून दोन पट्ट्या काढा. एक जवळजवळ साडेनऊ सेंटिमीटर उंच, दुसरी पाऊण सेंटिमीटरही नाही. उपनगर बुडत होतं तेव्हा दक्षिण टोकाला त्याचा अंदाज का आला नसेल, ते या दोन पट्ट्या सांगतात.

दुसरं चित्र वेळेचं. दिवसाचा एकच आकडा न घेता तासातासाचा पाऊस मांडला, की दुपारी अडीच ते साडेतीन या तासावर नजर थांबते. त्या एका तासात सुमारे १९० मि.मी. पाऊस झाला. शहराची जुनी गटारं तासाला २५ मि.मी. पाऊस वाहून नेण्याच्या हिशेबानं बांधलेली. चित्रावर २५ ची आडवी रेघ ओढली, तर पावसाची पट्टी तिच्या साडेसात पट वर जाते. त्याच कागदावर समुद्राची पातळी दाखवली, तर चारच्या सुमारास साडेचार मीटरच्या आसपास भरती दिसते. पाणी जायचं कुठं? विहार-पवईकडून माहीमला जाणाऱ्या मिठी नदीच्या काठची कुर्ला-कलिन्याची वस्ती का बुडाली, हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. त्या आपत्तीत मुंबईत चारशेहून अधिक माणसं दगावली.

या प्रसंगानंतर महापालिकेनं विभागोविभागी स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले. २०२० साली 'आय-फ्लोज' ही पूर-इशारा यंत्रणा सुरू झाली. कोणत्या भागात पाणी भरण्याचा संभव आहे, ते ती नकाशावर आधीच दाखवते.

असं चित्र करायला फार मोठी विद्या लागत नाही. तासाचे, दिवसाचे आकडे 'एक्सेल'सारख्या तक्त्यात भरले की पट्ट्यांचा आलेख क्षणात तयार होतो. नकाशावर मांडायचे असतील तर 'क्यूजीआयएस' हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. पथ्यं मात्र पाळावीत. पट्टी शून्यापासून सुरू करावी, नाहीतर थोडा फरक डोंगराएवढा दिसतो. एका चित्रात एकच प्रश्न घ्यावा. आणि माप वाचणाऱ्याच्या ओळखीचं असावं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे गुंठ्याला सुमारे शंभर लिटर पाणी. त्या हिशेबानं सांताक्रूझला गुंठ्यामागे दहा हजार लिटरचे नऊ टँकर भरून वर पाणी उरलं असतं. हे आपल्याला लगेच कळतं.

सरासरीचा धोका गावाकडेही आहेच. तालुक्याची सरासरी भरली म्हणजे प्रत्येक शिवारात पाऊस पडला असं होत नाही. यंदा आपल्या गावच्या पावसाची रोजची नोंद वहीत ठेवा आणि घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलीकडून तिचा आलेख काढून घ्या. आपलं गाऱ्हाणं मांडताना तो कागद सोबत असला, म्हणजे ऐकणाऱ्यालाही शिवाराची स्थिती डोळ्यांनी दिसेल.